पांदणीसाठी यंत्र निवडताना

नरखेड तालुका नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला असून त्याच्या उत्तरेस मध्य प्रदेशाची हद्द आणि पश्चिमेस वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुका लागतो. संत्रा, कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर इथले अर्थकारण उभे आहे, आणि या सगळ्या मालाला बाजाराची वाट धरण्यापूर्वी जी वाट धरावी लागते तिला पांदण म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात जिला पाणंद म्हणतात तीच ही, म्हणजे गावाच्या शिवेतून दोन धुऱ्यांच्या मधून वावरापर्यंत जाणारी बैलबंडीची जुनी वाट. नरखेडवरून नागपूर-इटारसी हा दिल्लीकडे जाणारा लोहमार्ग गेलेला आहे, जलालखेडा, मोवाड, सावरगाव, बेलोना या गावांना डांबरी रस्ते आहेत, आणि तरीही शेकडो किलोमीटर जाऊ शकणारे फळ पहिल्या एक-दीड किलोमीटरातच अडते, कारण तेवढे अंतर पांदणीचे असते.

अशी वाट मोकळी ठेवण्यासाठी कोणते यंत्र घ्यावे किंवा भाड्याने आणावे, हा प्रश्न वरवर पाहता दुकानातला वाटतो, परंतु त्याचे उत्तर मातीत आहे. उत्तर अमेरिकेत शेतावरच्या घरापासून हमरस्त्यापर्यंतची लांब खाजगी वाट हिवाळ्यात बर्फाने बुजते आणि तिथल्या घरमालकाला, त्यात आता अनेक मराठी कुटुंबेही आली, असाच विचार करावा लागतो: ट्रॅक्टरपुढे पाते लावून बर्फ कडेला लोटावा, की फिरत्या मळसूत्राने तो आत ओढून दूर फेकणारे यंत्र घ्यावे. अशा फेकयंत्राची पहिली यशस्वी रचना कॅनडातील क्यूबेक प्रांतात आर्थर सिकार यांनी १९२५ साली केली. नरखेडच्या आकाशातून पडणारा बर्फ गारपिटीपुरताच, आणि तो वाट अडवत नाही, बाग झोडपतो. तुलना इथवर आणली की तिच्यातला भेदही दिसतो: बर्फ रस्त्यावर पडतो, त्यामुळे तो काढला की खालचा रस्ता जसाच्या तसा हाती येतो, चिखल मात्र रस्त्यावर पडत नाही, रस्ताच चिखल होतो. जे काढायचे तेच जर वाटेचे अंग असेल, तर काढून टाकणारे यंत्र जितके जोरदार तितका रस्ता खोल जाणार, आणि नरखेडच्या कित्येक पांदणींचे नेमके हेच झालेले आहे.

मातीचा स्वभाव इथे थोडक्यात समजून घ्यावा लागतो. विदर्भाचा हा भाग बेसाल्ट या काळ्या अग्निजन्य खडकाचा असून तो झिजत जाताना आधी मुरूम होतो, म्हणजे खडकाचा अर्धवट कुजलेला, बोटांत चुरडता येणारा खडीसारखा थर, आणि पुढे त्याचीच काळी माती बनते. या काळ्या मातीतील चिकणखनिजे पानांच्या थप्पीसारखी असतात. पाणी मिळाले की थप्पीच्या पानांत ते शिरते आणि माती फुगते, उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेले की ती आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रस्ते बांधणारे अभियंते जमिनीची ताकद सीबीआर नावाच्या अंकाने मोजतात. ठरावीक दांडा मातीत घुसवायला लागणारा जोर हा प्रमाण खडीत तो तितकाच घुसवायला लागणाऱ्या जोराच्या किती टक्के आहे, एवढाच त्याचा अर्थ. भिजलेल्या काळ्या मातीचा हा अंक साधारणपणे २ ते ४ टक्क्यांच्या घरात येतो. याचा व्यवहारातला अर्थ ट्रॅक्टर फसलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला अंकावाचून ठाऊक असतो.

त्यातच जुनी पांदण मुळात खोलगट असते. लाकडी चाकांना बसवलेली लोखंडी धाव पिढ्यान् पिढ्या त्याच दोन ओळींत माती दळत गेली, पावसाने ती दळलेली माती वाहून नेली आणि वाट दोन्ही वावरांच्या पातळीखाली उतरली. मराठीत रूढ मार्गाला चाकोरी म्हणतात तो शब्दही चाकाने पाडलेल्या याच खाचेतून आलेला आहे. खाली उतरलेली वाट म्हणजे दोन्हीकडच्या वावरांची नाली, आणि आडव्या धुऱ्याचे पाणी तिच्यात सोडून देणे शेजाऱ्यालाही सोयीचे पडते. आंबिया बहाराचा संत्रा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणीला येतो, कापसाची वेचणीही त्याच सुमारास सुरू होते, म्हणजे वाट सर्वांत ओली असण्याचा काळ नुकताच संपत असताना किंवा पुरता संपलेलाही नसताना सर्वांत जड वाहतूक तिच्यावर येते. मृग बहाराचा माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतो, त्याला हा त्रास नाही. तेव्हा ज्याची बाग आंबियाची त्याने यंत्राचा विचार निराळ्या घाईने करावा, हे सांगावे लागू नये. तरी बहुतेक विचार सुरू होतो तो क्रेट भरून झाल्यावर.

गावात यंत्र म्हटले की पहिल्यांदा आठवते ती जेसीबी. जोसेफ सिरिल बॅम्फर्ड यांनी १९४५ साली इंग्लंडमध्ये काढलेल्या कंपनीची ही आद्याक्षरे भारतात, हरियाणातील बल्लभगढचा कारखाना १९७९ साली उभा राहिल्यानंतर, पुढे लोडर आणि मागे खोदणारा हात असलेल्या प्रत्येक पिवळ्या यंत्राचे सामान्यनाम होऊन बसली. साखळीच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या खोदयंत्राला पोकलेन म्हणतात तेही पोक्लें या फ्रेंच कंपनीच्या नावाचे बोलीरूप होय. जेसीबीचे वजन साडेसात ते आठ टनांच्या आसपास असते आणि इंजिन सुमारे ७५ अश्वशक्तीचे. बुजलेली पांदण प्रथम उघडताना तिला पर्याय नाही: दोन्ही बाजूंनी आत आलेली वेडी बाभूळ, हिवर, बोरीची जाळी, रायमुनियाची दाट झुडपे मुळासकट उपटणे, पडलेले धुरे मागे सारणे, कडेने नाली खोदणे, पाण्याच्या वाटेवर सिमेंटचे पाईप बसवणे, ही कामे मागच्या हाताने जितक्या लवकर होतात तितकी दुसऱ्या कशानेही होत नाहीत.

पण तीच जेसीबी दर वर्षी चिखल काढण्यासाठी बोलावली की नुकसान सुरू होते. पुढच्या बकेटची धार सपाट आणि रुंद असते, चालकाला ती जमिनीला किती टेकली आहे हे दिसण्यापेक्षा जाणवते अधिक, आणि तासाच्या हिशेबाने काम चालू असल्याने शेतकऱ्यालाही भरपूर माती निघालेली पाहून समाधान वाटते. प्रत्येक वेळी असा वीतभर थर कडेला गेला तर तीन-चार पावसाळ्यांत वाट हातभर खाली उतरते, कडेला टाकलेल्या मातीचे बांध होतात आणि वाटेवरच्या पाण्याला बाहेर पडायला जागा उरत नाही. हमरस्त्याला समांतर वाहणारा ओढा पाहून ती पांदण आहे हे ज्याला सांगावे लागते, त्याने हा सगळा क्रम उलटा वाचावा. साध्या भाषेत, जेसीबी हे पांदण जन्माला घालण्याचे यंत्र आहे, तिला पोसण्याचे नव्हे.

उपटलेल्या झाडोऱ्याबाबतही एक बारकावा आहे. ओलसर जागी माजणारी बेशरम तिच्या देठाच्या तुकड्यांपासून पुन्हा फुटते, त्यामुळे ट्रॅक्टरमागे फिरणाऱ्या हातोड्यांनी झुडपांचा चुरा करणारे श्रेडर बेशरमीवर पावसाळ्यात फिरवणे म्हणजे तिची लावण करण्यासारखे आहे. ती उपटून उन्हात वाळवावी लागते. वेडी बाभूळ आणि रायमुनिया बुडख्यापासून फुटतात, म्हणून नुसती छाटणी वर्षभरही टिकत नाही. गाजर गवताला मात्र मुळासकट काढण्याची ताकद लागत नाही, फुलावर येण्याआधीची वेळ तेवढी साधावी लागते, आणि इथे पाठीवर किंवा खांद्याला पट्ट्याने अडकवायचा ब्रश कटर पुरतो. त्याला गवतासाठी नायलॉनची दोरी, जाडसर देठांसाठी तीन पात्यांची लोखंडी चकती आणि झुडपांसाठी दातेरी चकती लावता येते. मुरमाच्या वाटेवर दोरीनेसुद्धा खडे गोळीसारखे उडतात, म्हणून डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा न लावता तो चालवणे हा निव्वळ आडमुठेपणा होय.

घरच्या ट्रॅक्टरला जोडून चालणाऱ्या अवजारांत सर्वाधिक दिसतो तो रोटाव्हेटर, आणि वाट खडबडीत झाली की तोच फिरवून ती सारखी करण्याचा मोह होतो. ट्रॅक्टरच्या मागे मिनिटाला ५४० फेरे घेणारा पीटीओ नावाचा दांडा असतो, इंजिनाची शक्ती अवजाराला देणारा. रोटाव्हेटर त्यावर चालतो, आणि गंमत अशी की थंड देशांतली ट्रॅक्टरला जोडायची बर्फफेकी यंत्रेही बहुधा याच ५४० फेऱ्यांच्या दांड्यावर चालतात. शक्ती तीच असली तरी काम विरुद्ध आहे. रोटाव्हेटर माती भुसभुशीत करतो, भुसभुशीत माती पाणी पिते, आणि वाटेने पाणी प्यावे अशी कोणाचीच इच्छा नसते.

वाटेला हवे असते ते पाते. ट्रॅक्टरच्या मागच्या तीन जोडांवर बसणारी, सहा ते आठ फूट रुंदीची, किंचित वक्र अशी ही लोखंडी पट्टी दिसायला इतकी साधी असते की अवजारांच्या प्रदर्शनात तिच्यापुढे कोणी थांबत नाही. ३५ अश्वशक्तीच्या आतबाहेरच्या ट्रॅक्टरला सहा फुटी पाते झेपते, ४५ ते ५० अश्वशक्तीला सात-आठ फुटी. मात्र पाते घेताना रुंदीपेक्षा तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, ते आडव्या दिशेत फिरवून तिरके करता येते की नाही, कारण सरळ पाते माती नुसती पुढे ओढते, तर तिरके पाते ती एका टोकाने सोडत जाते. दुसरी, त्याचे वजन, कारण हलके पाते वाळलेल्या काळ्या मातीवरून घासत नुसते सरकते. तिसरी, खालची धार नटबोल्टने बसवलेली आणि बदलता येण्याजोगी आहे का. पुढे बसवायचे डोझर पातेही मिळते आणि ढिगारे लोटायला ते उत्तम, पण छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावर त्याचा भार येतो, त्यामुळे केवळ पांदणीच्या देखभालीसाठी ते घेण्यात फारसे शहाणपण नाही.

पात्याचे खरे काम चिखल काढणे नसून वाटेला पाठ आणणे हे आहे. तीन मीटर रुंदीची वाट मधोमध कडांपेक्षा सुमारे साडेसात सेंटीमीटर, म्हणजे चार बोटे, उंच राहिली की पाच टक्क्यांचा उतार मिळतो आणि पाणी वाटेवर न थांबता कडेच्या नालीत उतरते. यासाठी पाते अंदाजे ३० अंशांत तिरके करून पिन अडकवायची, ट्रॅक्टरच्या मागच्या उजव्या उचलदांड्याची लांबी फिरकीने कमीजास्त करून पात्याची कडेकडची बाजू थोडी खाली घ्यायची, जाताना एक कड आणि येताना दुसरी कड खरवडत माती मधोमध आणायची आणि शेवटच्या फेरीत पाते सरळ करून ती पसरायची. हायड्रोलिकचे दोन दांडे असतात, एक अवजाराची उंची कायम धरणारा आणि दुसरा मातीचा ताण वाढला की अवजार आपोआप उचलणारा. नांगरटीची सवय असलेला चालक हात नेतो दुसऱ्या दांड्याकडे, आणि मग कठीण जागी पाते उचलले जाते, मऊ जागी रुतते, वाट धुण्याच्या पाटासारखी होते. पात्यासाठी पहिलाच दांडा धरावा लागतो. काम शिकायला एक दिवस लागतो, हात बसायला एक हंगाम.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणत्याच दुकानात मिळत नाही, ती म्हणजे वाफसा. जमिनीतले जादा पाणी निथळून गेले आहे पण ओल शिल्लक आहे, अशा पेरणीयोग्य अवस्थेसाठी मराठी शेतकऱ्याजवळ हा नेमका शब्द आहे, आणि पात्यालाही तीच अवस्था मानवते. मूठभर माती दाबली असता गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये, आणि कमरेच्या उंचीवरून सोडला असता तो फुटावा. चिकटला तर चिखल पात्याला लपेटून येतो, गोळाच झाला नाही तर ढेकळे उडतात. काळ्या मातीत हे दिवस मोजकेच असतात आणि त्याच दिवसांत डवरणी-वखरणीही ओरडत असते. भाड्याचे यंत्र वाफशावर सहसा मिळत नाही, कारण त्या दिवशी ते साऱ्या गावालाच हवे असते. म्हणूनच स्वस्त, साधे आणि आपल्या अंगणात उभे असलेले पाते भाड्याच्या महागड्या यंत्रापेक्षा सरस ठरते.

नुसत्या मातीवर पाठ आणून आंबियाच्या ट्रॉल्या निघतीलच असे नाही. खोल काळ्या जमिनीत मुरूम टाकावाच लागतो. हिशेब सोपा असला तरी आकडा ऐकून माणूस गप्प होतो. एक किलोमीटर लांब, तीन मीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर जाडीच्या थराला ४५० घनमीटर मुरूम लागतो. बांधकामाचे माप ब्रास, म्हणजे १०० घनफूट किंवा २.८३ घनमीटर, आणि त्या मापाने हे १५९ ब्रास होतात. ट्रॅक्टरची एक ट्रॉली साधारण एक ब्रास धरली तर दर सव्वासहा मीटरवर एक ढीग, असे चित्र उभे राहते, शिवाय दबाई झाल्यावर थर बसतो तो वेगळाच. मुरूम गौण खनिजांत मोडतो, तो खणून आणण्यासाठी महसूल खात्याची परवानगी आणि स्वामित्वधन लागते. एवढा खर्च केल्यावर पाण्याचा टँकर आणि कंप पावणारा आठ-दहा टनी रोलर यांचे एका दिवसाचे भाडे वाचवण्यात अर्थ नसतो, कारण न दाबलेला मुरूम पहिल्या पावसात खालच्या काळ्या मातीत जिरतो. ट्रॉल्यांच्याच चाकांनी दबाई होईल हा समज दोन ओळींपुरता खरा ठरतो, म्हणजे चाकोरी पुन्हा पडते.

थंड देशांतल्या खडीच्या वाटेवर बर्फ लोटणारे लोक पात्याखाली घसरपट्टीसारखे जोडे बसवतात, ज्यामुळे पाते जमिनीपासून बोटभर वर राहते आणि बर्फाबरोबर खडी निघून जात नाही. मुरूम टाकलेल्या पांदणीवर पाते फिरवताना हीच काळजी उपयोगी पडते. गावातल्या लोहाराकडून दोन्ही टोकांना असे जोडे करून घेणे अवघड नाही, आणि त्यांची उंची वॉशर घालून कमीजास्त करता येते.

यंत्र एकट्याने घ्यायचे की मिळून, याचे उत्तर पांदणीवर किती वावरे आहेत यावर अवलंबून आहे. वाटेच्या तोंडाशी ज्याचे वावर आहे त्याला तिची फिकीर कमी आणि शेवटच्या वावराच्या मालकाला सर्वाधिक, हा सर्वत्रचा अनुभव आहे, त्यामुळे पाते शेवटच्या माणसाकडे असावे आणि डिझेल सर्वांचे असावे ही वाटणी बरी पडते. केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण उप-अभियान २०१४-१५ पासून चालू असून त्यातील मंजूर अवजारांवर अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के अशी अनुदानाची मर्यादा सर्वसाधारणपणे ठेवलेली होती, आणि गटांसाठी अवजार बँकेची सोयही त्यात आहे; महाराष्ट्रात अर्ज महाडीबीटी पोर्टलवरून होतो.

वाट मुळापासून बांधायची असेल तर शासनाचा मार्ग निराळा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेने रोजगार हमीच्या मजुरीला राज्याच्या पूरक निधीची जोड दिली, कारण रोजगार हमीत मजुरी व साहित्याचे प्रमाण ६० आणि ४० असे राखावे लागे आणि खडी-मुरमाच्या रस्त्यात साहित्याचा वाटा त्यापेक्षा बराच वाढतो. १९७२ च्या दुष्काळात जन्मलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमीचा मूळ हेतूच माणसांना काम देणे हा असल्याने मजुरांना हटवणाऱ्या यंत्रांना तिच्यात जागा नव्हती, आणि काळ्या मातीच्या दबाईला तर यंत्र हवेच. पांदणीचा प्रश्न इतकी वर्षे रेंगाळला त्यामागे हा पेच होता.

यंत्र आणण्यापूर्वी वाट कागदावर किती रुंद आहे हेही पाहावे लागते, नाहीतर जेसीबी धुऱ्याला लागताच भांडण सुरू होते. गावनकाशावर तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला गाडीमार्ग १६½ ते २१ फुटांचा आणि तुटक एकेरी रेषेचा पायमार्ग ८¼ फुटांचा मानला जातो. ज्या ट्रॅक्टरची रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास आहे तो पायमार्गावरून कसाबसा जातो, सव्वादोन मीटरच्या जेसीबीला मात्र तिथे वळायलाही जागा उरत नाही. असलेली वाट कोणी अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली आणि धुऱ्यावरून नवी वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी असे ठरवले आहे, त्यामुळे सात फुटी पाते घेणाऱ्याला आता तिरक्या पात्याच्या दोन फेऱ्यांत पूर्ण वाट आवाक्यात घेता येते.

पात्याच्या तीन फेऱ्या वर्षाला पुरतात. पहिली मे महिन्याच्या शेवटी, मृगाआधी वळवाचा एखादा पाऊस येऊन गेल्यावर, नालीची तोंडे मोकळी करून. दुसरी पोळ्याच्या सुमारास उघडीप मिळाल्यास. आणि तिसरी परतीचा पाऊस सरल्यावर, संत्र्याची पहिली ट्रॉली निघण्याआधी. मुरमावर चालणारी धार दोन-तीन हंगामांत झिजते, पण बहुतेक धारपट्ट्यांना दोन्ही कडा सारख्याच असतात. बोल्ट सैल करून पट्टी उलटी बसवली की ती पुन्हा तेवढीच चालते, फक्त बोल्टवर गंज चढण्याआधी, पावसाळा संपताच, पाते धुऊन त्यावर जळके ऑईल फिरवलेले असावे लागते.